खड्डा, लिफ्ट की जॅक-घोडी? गावाकडच्या गॅरेजवाल्यानं काय निवडावं

तालुक्याच्या रस्त्याला गॅरेज टाकायचं ठरलं की पहिला पेच गाडीखाली शिरायचं कसं, हाच पडतो. बहुतेक जण खर्च बघून ठरवतात. विदर्भात मात्र आधी माती बघावी, मग आपल्याकडे कोणत्या गाड्या येणार ते, आणि पैशाचं त्यानंतर.

गाडी वर उभी करून खाली उतरून काम करायच्या खड्ड्याचे गुण खरे आहेत. तो स्वस्तात होतो, वीज मागत नाही, त्यावर माल भरलेली गाडीही उभी राहते. गाडी उचलायचीच नसल्यामुळे ती अंगावर येण्याची भीती नाही. पण यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून भिंतींवर रेटा देते. साध्या विटांच्या भिंतीला मग पोट येतं. भंडारा-गोंदियाकडे गॅरेज धानाच्या बांध्यांना लागून असेल, तर पावसाळाभर तळाशी पाणी. त्या पाण्यात ऑइल, आणि वर लोंबता २३० व्होल्टचा बल्ब, त्याच्या वायरला तीन ठिकाणी टेप. १९४८च्या कारखाना कायद्यानं खड्ड्यात किंवा टाकीत वापरायच्या हातदिव्याला, सुरक्षेची वेगळी सोय नसेल तर, २४ व्होल्टची मर्यादा घातली होती. दोन-तीन पोरांचं गॅरेज त्या कायद्यात बसत नसेल, पण करंट माणसं मोजून लागत नाही.

खड्ड्याचा खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोलची आणि एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड असते. फिल्टर बदलताना सांडलेल्या पेट्रोलची वाफ उतरून खड्ड्यात साचते, आणि वर कुणी ग्राइंडर लावला की ठिणगीही तिथंच पडते. डिझेल पेटत नाही, असं छातीठोक सांगणारे मिस्त्री खूप भेटतात. भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते, किमान ३५ अंश धरला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा त्याच्या बराच वर असतो. वर इंजिन चालू ठेवून खाली माणूस उतरवणं, हेही तसंच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी डोकं जड होतं, मग माणूस बसल्या जागी कलंडतो.

टू-पोस्ट लिफ्टवर, म्हणजे दोन खांबांमध्ये गाडी वर उचलणाऱ्या यंत्रावर, हे प्रश्न बरेच सुटतात. माणूस उभ्यानं, उजेडात काम करतो, पाठ-मान वाचते. पण लिफ्टचा सगळा भार चार-पाच इंची बोल्टांवरून फरशीवर येतो. काळ्या मातीवर मुरूम न भरता ओतलेली फरशी दोन पावसाळ्यांत तडकते, आणि तडकलेल्या फरशीत बोल्ट पकड सोडतो. काँक्रीटची जाडी आणि प्रत कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावी, आणि ओतल्यावर २८ दिवस थांबावं. घाई करणारा गवंडी भेटणारच, त्याचं ऐकू नये. मोठ्या लिफ्टला सहसा थ्री-फेज लागतं, तेव्हा कनेक्शनची चौकशी आधी. शिवाय ट्रॅक्टर या लिफ्टवर चढत नाही. तुमचं निम्मं काम ट्रॅक्टरचं असेल, तर निम्म्या कामाला ती निरुपयोगी.

राहिली जॅक-घोडी, म्हणजे जॅकनं गाडी उचलायची आणि तिचं वजन घोडीवर, लोखंडी स्टँडवर, टेकवायचं. हिच्यात सगळ्यात कमी पैसा लागतो, आणि माणूस चेंगरण्याची भीतीही हिच्यातच जास्त. दोष सामानाचा नाही. जॅक विकत घेतला जातो, घोड्या घेतल्या जात नाहीत. "भाऊ, पाच मिनटाचं काम हाय, घोडी कायले लावता?" हे वाक्य ऐकलं नाही असं गॅरेज नसेल. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. आतलं सील गेलं की तो बसतो, कधी हळूहळू, कधी एकदम. विटेचं तर नावच नको. ती वाकून इशारा देत नाही, सरळ फुटते. चाकांना पुढं-मागं गुटके, घोडी चेसिसच्या पक्क्या जागी, मातीवर असेल तर खाली जाड लोखंडी पाटी. मग गाडी दोन्ही हातांनी हलवून बघायची, आणि त्यानंतरच आडवं व्हायचं.

माझं मत विचाराल तर काळ्या मातीत नवा खड्डा खोदू नका. जीप, पिकअप आणि ट्रॅक्टर असं मिश्र काम असेल, तर चांगला ट्रॉली जॅक, वजनाचा आकडा कोरलेल्या घोड्यांच्या दोन जोड्या आणि पक्की फरशी यांवर सुरुवात करा. फरशी ओततानाच लिफ्टच्या जागी जाडी वाढवून ठेवा. कार-जीपचं काम वाढलं की लिफ्ट आणा.

डंपिंग ट्रॉलीचं काम घेणाऱ्यांनी एक वेगळं लक्षात ठेवावं, कारण तिथं या तिन्हींपैकी काहीच कामी येत नाही. उचललेल्या हौद्याखाली लोखंडी चॅनलचा टेका दिल्याशिवाय हायड्रॉलिकचा पाइप खोलायचा नाही. तेल निघालं की हौदा खाली येतो, आणि मधल्या माणसाला हात काढायलाही वेळ मिळत नाही.

आणि जुना खड्डा आधीच असेल, तर बुजवायची घाई नको. पेट्रोल आणि गॅसच्या गाड्या त्यावर घेणं बंद करा, २४ व्होल्टचा दिवा आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा, काम संपलं की वर जाड फळ्या टाका. पावसाळ्यात सकाळी उतरण्याआधी बॅटरीचा झोत कोपऱ्यांत फिरवायचा; साप-विंचवाला थंड जागा आवडते.