दौऱ्यावर मुक्काम कुठे: जिम असलेलं हॉटेल, खानावळीजवळचा लॉज की स्वयंपाकघर असलेली खोली?

कामानिमित्त महिन्यातले आठ-दहा दिवस गावाबाहेर काढणाऱ्या माणसाला डॉक्टर सांगतात, ‘बाहेरचं खाणं कमी करा, रोज चालत जा.’ आता सोलापूरला मशीन बसवायला गेलेला इंजिनीअर, जळगाव-धुळे-नंदुरबार फिरणारा औषध कंपनीचा एमआर, नागपूरच्या शाखेत आठवडाभर ऑडिटला बसलेली बँकेतली अधिकारी, यांनी बाहेरचं खाणं कमी करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? बाहेरचंच खावं लागणार. माझं मत असं, की दौऱ्यातलं निम्मं पथ्य खोली बुक करतानाच सांभाळलं जातं किंवा सुटतं. ताटात काय पडणार आणि सकाळी पाय कुठे वळणार, हे दोन्ही मुक्कामाच्या जागेवर अवलंबून असतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी साधारण तीन पर्याय मिळतात. बायपासवरचं मोठं हॉटेल, ज्याच्या जाहिरातीत ‘जिम’ आणि ‘नाश्ता मोफत’ असतं. बसस्थानक किंवा बाजारपेठेजवळचा लॉज, जिथे खाली उतरलं की खानावळी असतात. आणि अलीकडे बऱ्याच शहरांत मिळणारी गॅस, फ्रिज असलेली खोली किंवा छोटा फ्लॅट.

बायपासवरच्या हॉटेलची खरी जमेची बाजू म्हणजे सकाळचा नाश्ता. ऑम्लेट किंवा उकडलेली अंडी, इडली-सांबार, दूध, पपई-कलिंगड हे सगळं एका जागी, सकाळी सातला तयार. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम हे आयसीएमआर-एनआयएन या आपल्या राष्ट्रीय पोषण संशोधन संस्थेचं प्रमाण. दोन अंडी, पेलाभर दूध आणि वाटीभर सांबार घेतलं तर त्यातली वीस-बावीस ग्रॅम नऊच्या आत पोटात जातात. गावातल्या नाश्त्याच्या गाडीवर हे सहज जमत नाही. मात्र त्याच टेबलावर पुरी-भाजी, मेदूवडा, ब्रेड-जॅम आणि डब्यातला ज्यूसही मांडलेला असतो. ‘पैसे भरलेच आहेत’ म्हणून सगळ्याची चव घेतली, की दुपारच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात. आधी अंड्यांच्या काउंटरवर जा, मग फळं घ्या, आणि भूक उरलीच तर इडलीकडे वळा. एवढा क्रम पाळला तरी पुरतं.

या हॉटेलचं दुखणं संध्याकाळी सुरू होतं. आजूबाजूला शोरूम, पेट्रोल पंप आणि भरधाव ट्रक. पदपथ नाही, बाग नाही. रात्रीच्या जेवणाला हॉटेलचं रेस्तराँ किंवा शेजारचा ढाबा, आणि दोन्हीकडे मेनू तोच: पनीर बटर मसाला, काजू करी, दाल तडका, बटर रोटी. ग्रेव्हीत तेल, लोणी, क्रीम आणि काजूची पेस्ट किती हे समजायला मार्ग नसतो. तिथे राहावंच लागलं तर तंदुरी चिकन किंवा साधी दाल फ्राय ‘वरून तडका न घालता’ आणि बिनलोण्याची रोटी मागवावी. आचारी ऐकतात, मात्र ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. जिमबद्दल सांगायचं तर अशा बऱ्याच ठिकाणी एक ट्रेडमिल, एक सायकल आणि डंबेल्सच्या दोन-चार जोड्या एवढाच संसार असतो. बुक करण्याआधी फोन करून विचारा: जिम चालू आहे का, आणि सकाळी किती वाजता उघडतं? आठला उघडणारं जिम नऊला निघणाऱ्या माणसाच्या काहीच उपयोगाचं नाही.

आता लॉज आणि खानावळ. माझा कौल बहुतेक वेळा यालाच असतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

खानावळीच्या साध्या ताटात तीन-चार चपात्या किंवा दोन भाकरी, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्सा, वरण-भात, कांदा, लिंबू असतं. मेस चालवणाऱ्या घराला हेच जेवण रोज त्याच माणसांना वाढायचं असतं. विद्यार्थी, शिक्षक, बदलीवर आलेले कर्मचारी तिथे महिनोन् महिने जेवतात. रोज जड, तेलकट वाढलं तर गिऱ्हाईक टिकत नाही. हॉटेलात माणूस वर्षातून एखाद्या वेळी येतो, त्याला चमचमीत खिलवण्यात त्यांचा फायदा असतो. दोन्हीकडच्या कढईतल्या तेलात फरक पडतो तो यामुळे.

दुसरा फायदा बोलण्याचा. ‘काकू, भात नको, त्याऐवजी वाटीभर उसळ जास्त द्या’ असं पहिल्या दिवशी सांगितलं, की दुसऱ्या दिवशी न सांगता वाढलं जातं. ही अदलाबदल फार मोलाची आहे. मटकी, चवळी किंवा हरभऱ्याच्या वाटीभर उसळीत सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात, तर खानावळीच्या पातळ वरणात त्याच्या निम्मीही नसतात. शाकाहारी माणसाची दौऱ्यावरची मोठी अडचण प्रथिनांचीच असते, तेलाची त्यानंतर. दोन वाट्या उसळ, वाटीभर दही आणि ज्वारीच्या दोन भाकऱ्या हे कुठल्याही आहारतज्ज्ञाने मान्य करावं असं जेवण आहे.

जिल्हा बदलला की काय मागायचं तेही बदलतं. सोलापूरला भाकरी आणि शेंगांची चटणी हमखास मिळते, पण चटणी चमचाभरच घ्यावी, कारण तिच्यात प्रथिनांपेक्षा तेल जास्त असतं. खान्देशात कळण्याची भाकरी मिळाली तर सोडू नका. ज्वारीत उडीद दळलेले असल्याने साध्या भाकरीपेक्षा ती सरस ठरते. तिथली शेवभाजी मात्र एखाद्या रात्रीपुरती ठीक. नागपुरात सावजी रस्सा चवीला एकदा जरूर खावा, पण आठवडाभराच्या मुक्कामात झुणका-भाकर आणि पालेभाजी देणारी मेस शोधलेली बरी. कोल्हापूर-नाशिकच्या मिसळीला लोक उगाच बदनाम करतात. मोडाची मटकी हा तिचा पाया आहे. फरसाण कमी, कट वाटीत वेगळा आणि पाव एकच, अशी मागवली तर पोह्यांपेक्षा ती चांगला नाश्ता होते. पोहेच खायचे असतील तर शेजारच्या गाडीवरून दोन उकडलेली अंडी घ्या, किंवा सोबत मूठभर शेंगदाणे आणि ताक.

पोटाची आणि खिशाची मोजमापं जुळवणाऱ्यांनी राज्य सरकारच्या शिवभोजन थाळीचा आकार लक्षात ठेवावा. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या या १० रुपयांच्या थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात असं प्रमाण ठरवलेलं होतं. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याला दुपारी साधारण एवढं जेवण आणि जोडीला वाटीभर उसळ किंवा दही पुष्कळ होतं. ‘अनलिमिटेड’ पाटी असलेल्या थाळीत यापेक्षा किती जास्त जातं, हे एकदा मोजून पाहण्यासारखं आहे.

लॉजच्या अडचणी लपवत नाही. रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असतात, त्यामुळे रविवारी पोहोचणाऱ्याने दुपारीच पार्सल डब्याची सोय करावी किंवा सोबत काहीतरी ठेवावं. रात्री साडेनऊनंतर मेसमध्ये काही उरत नाही. काम उशिरापर्यंत चालणार असेल तर डबा बांधून ठेवायला सांगा. लॉजवर रात्री आवाज असतो, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं खाण्याची ओढ वाढते; म्हणून रस्त्याकडची खोली नको, मागच्या बाजूची मागा. एकट्या बाईला बसस्थानकालगतचा लॉज सोयीचा वाटेलच असं नाही. तिने सुरक्षिततेकडे आधी पाहावं. चांगल्या वस्तीतलं मध्यम हॉटेल आणि जवळची मेस, असा मेळ बहुतेक शहरांत बसतो.

स्वयंपाकघराची खोली आठवड्याहून कमी मुक्कामाला मला पटत नाही. तेल, मीठ, हळद, डाळ, तांदूळ जमवण्यातच पहिली संध्याकाळ जाते, आणि थकून आलेला माणूस शेवटी मोबाइलवरून बिर्याणीच मागवतो. पंधरा दिवस किंवा महिना राहायचं असेल तर मात्र हाच पर्याय सर्वांत चांगला. छोटा कुकर घरून न्या. मूगडाळीची खिचडी, त्यात चिरलेला पालक, बाजूला दही. सकाळी अंडी. संध्याकाळी फळ आणि फुटाणे. रोज तेच खायला कंटाळा येतो हे खरं, म्हणून दुपारची मेस लावावी आणि रात्रीचं स्वतः करावं. दोन वेळा स्वयंपाकाचा हट्ट धरणारे दहाव्या दिवशी दोन्ही वेळा बाहेर जेवताना दिसतात.

स्वयंपाकघर नसलं तरी लॉजवर मोड आणता येतात. रात्री मूग भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या स्वच्छ रुमालात बांधून ठेवा, दुसऱ्या सकाळपर्यंत मोड येतात. कच्चे खाऊ नका. केटलीतलं उकळतं पाणी त्यावर ओतून दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग लिंबू पिळून खा. पोट नाजूक असेल तर हाही प्रयोग नको, फुटाण्यांवर भागवा. पन्नास ग्रॅम फुटाण्यांत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि ते कुठल्याही गावात मिळतात.

प्रवासातल्या खाण्याबद्दल थोडक्यात. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून मुंबई-नागपूर हे ७०१ किलोमीटर लोक एका दिवसात गाडीने करतात. जुन्या रस्त्यावर गावं लागायची, पेरू-केळीवाले लागायचे. इथे रस्ता बंदिस्त, थांबे ठरावीक. या वाटेवर डबा हवाच. दशम्या, धपाटे, मेथीचे पराठे, शेंगदाण्याची कोरडी चटणी हे आपल्याकडचं प्रवासाचं खाणं मुळातच टिकाऊ आहे. धपाट्यात कांदा घालू नका, लवकर आंबतो. शिजवलेली ओली भाजी, भात, उकडलेली अंडी उन्हाळ्यात गाडीत एका तासापेक्षा जास्त ठेवायची नाहीत. आणि दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. रेल्वेत फलाटावर २० रुपयांत मिळणारं सात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचं हे जेवण पोट भरतं आणि गरजूला मोठा आधार देतं, पण त्यात प्रथिनं नावापुरती. ते घेतलंच तर जोडीला शेंगदाणे घ्या.

व्यायामाची तुलना फार लांबवायचं कारण नाही, कारण इथे मला निकाल सरळ दिसतो. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा. रोज अर्धा तास झपाट्याने चाललं तर पाच दिवसांत तो पुरा होतो. आपल्या शहरांत त्यासाठी सुंदर जागा आहेत आणि बहुतेक गावात आहेत, बायपासवर नाहीत. कोल्हापूरला रंकाळा, सोलापूरला सिद्धेश्वर तलावाचा परिसर, जळगावला मेहरूण, नागपूरला फुटाळा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याची चढण म्हणजे तर पायांना आणि छातीला एकदम काम. पहाटे तिथे गावातली माणसं चालत असतात, त्यामुळे नवख्यालाही एकटं वाटत नाही. बंद खोलीतली ट्रेडमिल याच्या जवळपासही येत नाही. ती उपयोगी पडते फक्त मुसळधार पावसात, किंवा विदर्भातल्या मे महिन्यात, जेव्हा सकाळी आठलाच ऊन चढलेलं असतं.

चालण्याने दंड-पाठीची ताकद राखली जात नाही, त्यासाठी खोलीतले सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांपर्यंत सूर्यनमस्कार नेले, त्याचं एक साधं कारण आजही लागू आहे: साधन लागत नाही आणि जागा सतरंजीएवढी पुरते. पलंगाशेजारी तेवढी जागा कुठल्याही लॉजमध्ये असते. एक उणीव भरून काढा. नमस्कार आणि जोर दोन्हींत हात ढकलण्याचं काम करतात, ओढण्याचं नाही. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉपऐवजी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घाला, कमरेतून वाकून बॅग पोटाकडे ओढा, दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा. गुडघे दुखत असतील तर बैठका अर्ध्यावर थांबवा किंवा खुर्चीवरून उठबस करा.

रात्रभर स्लीपर बसने येऊन पहाटे पाचला उतरलात तर त्या दिवशी व्यायाम नको. दोन तास झोपा आणि संध्याकाळी काम संपल्यावर चाला.

मधुमेहाच्या लोकांसाठी मात्र माझा कौल बदलतो. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला जेवण दोन तास लांबलं तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. खानावळीच्या वेळा चुकल्या आणि मीटिंग लांबली, की हा धोका रोजचा होतो. अशांनी थोडं महाग पडलं तरी जिथे उशिरापर्यंत जेवण मिळतं असं हॉटेल, किंवा फ्रिज असलेली खोली घ्यावी. इन्सुलिनलाही फ्रिज सोयीचा पडतो. औषधं डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या असू द्या, आणि त्या कुठे आहेत हे सोबतच्या सहकाऱ्याला सांगून ठेवा. सकाळी रिकाम्या पोटी लांब चालायला जाण्याआधी, आणि प्रवासाच्या दिवशी डोस कधी घ्यायचा याबद्दल, निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारा.