दारू सोडायची आहे: सेरोटोनिनची गोळी की नालट्रेक्सोन?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन आहे आणि ओळखीचं कुणी सांगतंय की दारूवर नालट्रेक्सोन देतात. मग घ्यायची कोणती, असा प्रश्न घरोघरी पडतो. या दोन गोळ्यांची कामं वेगळी आहेत, हे आधी लक्षात घ्यावं लागतं.

सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम ही मुळात उदासी आणि चिंतेची औषधं. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढलं तर पिण्याची ओढ कमी होईल, अशी एके काळी मोठी आशा होती, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं दिसलं होतं. माणसांत मात्र चित्र दुभंगलं. 1996 मध्ये क्रॅन्झलर यांच्या अमेरिकेतल्या चाचणीत, ज्यांचं व्यसन लहान वयात लागलेलं आणि तीव्र होतं, त्यांची फ्लुओक्सेटिनवर अवस्था औषध नसलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षाही वाईट राहिली. पुढे 2000 मध्ये सर्ट्रालिनचा फायदा दिसला तो सौम्य, उशिरा सुरू झालेल्या व्यसनात. म्हणून विशीतच पिणं हाताबाहेर गेलेल्या माणसाला, उदासी नसताना, केवळ दारूसाठी ही गोळी द्यायला माझा स्पष्ट विरोध आहे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: सोबत दुसरा मानसिक आजार नसेल तर दारूसाठी अँटिडिप्रेसंट (उदासीवरचं औषध) नको.

सेरोटोनिनशीच संबंधित, पण वेगळ्या गटातलं ऑनडान्सेट्रॉन मात्र उलट वागलं. आपल्याकडे उलटीवर सर्रास दिली जाणारी ही गोळी सेरोटोनिनचा एक विशिष्ट रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जाऊन काम करतं ती पेशीवरची जागा, अडवते. 2000 मध्ये जॉन्सन यांच्या अभ्यासात पंचविशीच्या आत व्यसन लागलेल्यांचं पिणं तिने कमी झालं. पण डोस बघा: वजनाच्या दर किलोला 4 मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. साठ किलोच्या माणसाला एका वेळी पाव मिलिग्रॅमही होत नाही. मेडिकलमधली गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे सोळापट. ती आणून घरी प्रयोग करू नका. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि दारूच्या उपचारासाठी तिला अमेरिकेत मान्यताही नाही.

नालट्रेक्सोनचा रस्ता सरळ आहे. दारूने येणारी मजाच ती बोथट करते. रोज 50 मिलिग्रॅमची एक गोळी, दारूसाठी अमेरिकेत 1994 पासून मान्य. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार साधारण बारा जणांना दिली तर एक जास्तीचा माणूस बेसुमार पिण्याकडे परतण्यापासून वाचतो. आकडा लहान वाटेल, पण ज्या घरातला तो एक असतो, त्या घराला विचारा. कावीळ किंवा यकृत निकामी होत असेल तर चालत नाही. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची औषधं सुरू असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. यकृत खराब पण मूत्रपिंडं ठीक असतील, तर दारू थांबल्यावर अकॅम्प्रोसेटचा विचार होतो. ती दिवसातून तीनदा घ्यावी लागते.

डायसल्फिराम, म्हणजे घेतल्यावर दारू प्यायली तर जोरदार त्रास होतो ती गोळी, रुग्णाला न सांगता भाजीत मिसळून देणं जिवावर बेतू शकतं. कितीही हताश झालात तरी करू नका.

आता उदासी खरोखर असेल तर? दारू स्वतःच मन खचवते, आणि ती थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत बऱ्याच जणांची उदासी आपोआप ओसरते. म्हणून डॉक्टरांना नीट सांगा: उदासी पिण्याच्या आधीपासून होती का? मधे महिनोन्महिने दारू सुटली होती तेव्हाही होती का? उत्तर ‘हो’ असेल तर सर्ट्रालिनला जागा आहे, पण नालट्रेक्सोनच्या जोडीला. 2010 मध्ये पेट्टिनाटी यांनी उदासी आणि व्यसन दोन्ही असलेल्या 170 जणांना 14 आठवडे तपासलं. दोन्ही गोळ्या मिळालेल्यांपैकी सुमारे 54 टक्के पूर्ण कोरडे राहिले. एकच गोळी किंवा साखरेची गोळी मिळालेल्या गटांत हे प्रमाण 21 ते 28 टक्के होतं. जीव द्यायचे विचार बोलून दाखवत असतील तर मात्र आठवडे मोजू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.

रोज भरपूर पिणाऱ्याने यातली कुठलीही गोळी हाती आहे म्हणून दारू एकदम बंद करू नये. हात थरथरणं, फिट, भ्रम पहिल्या तीन दिवसांत येऊ शकतात आणि वरची एकही गोळी ते थांबवत नाही. त्यासाठी वेगळी औषधं आणि थायामिन (व्हिटॅमिन बी-1) लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत.