गोळ्यांनी गर्भपात झाल्यावर: तांबी, अंतरा, छाया की निरोध?

‘एक पाळी येऊन जाऊ दे, मग बघू.’ गोळ्या घेऊन गर्भ पाडल्यावर बऱ्याच घरांत असंच ठरतं, आणि लगेच पुन्हा दिवस राहतात ते याच मधल्या काळात. मिफेप्रिस्टोनची, म्हणजे गर्भपाताची पहिली गोळी घेतल्यापासून आठ-दहा दिवसांतही स्त्रीबीज सुटू शकतं, बहुतेकींचं तर महिन्याच्या आत सुटतं. पाळी येते ती त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पाळीची वाट बघणं हाच धोका. गर्भनिरोधक साधन कुठलं घ्यायचं हे गर्भपाताच्या गोळ्या हातात घेतानाच ठरलेलं बरं.

आपल्या कोकण किनाऱ्यावर मी पहिला प्रश्न विचारीन तो हा, की नवरा घरी कधी असतो? चाकरमानी असेल तर गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. ट्रॉलरवर खलाशी असेल तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत सलग घरी, एरवी आला-गेला. दुसरा प्रश्न, पावसाळ्यात दवाखान्यापर्यंत पोचता येतं का? ‘सगळ्यांत चांगलं साधन कुठलं’ हा प्रश्न या दोघांच्या मागून येतो.

तांबी आणि अंतरा इंजेक्शन या दोन्हींत रोजची आठवण ठेवावी लागत नाही, म्हणून खरी तुलना या दोघांतच. तांबी बसवली की त्या दिवसापासून काम करते. सरकारी दवाखान्यात मिळणारी कॉपर-टी ३८०ए दहा वर्षं चालते, दुसरी ३७५ पाच वर्षं. वर्षभरात शंभर बायकांमागे एखादीलाच दिवस राहतात. काढली की लगेच मूल होऊ शकतं. अडचण वेळेची आहे. गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्याशिवाय आणि आत जंतुसंसर्ग नाही हे बघितल्याशिवाय ती बसवत नाहीत. बहुधा पंधराव्या दिवशीच्या तपासणीला बसवतात, तोवर निरोध लागतोच. शिवाय पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जातं, पोटातही जास्त दुखतं. गर्भपाताच्या रक्तस्रावाने आधीच हिमोग्लोबिन खाली आलेलं असेल तर ते तपासून, लोहाच्या गोळ्या सुरू करून मग ठरवावं. क्वचित तांबी आपोआप बाहेर पडते. पाळीनंतर बोटाने दोरा लागतो का ते बघायची सवय लावावी.

अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं. वेळच्या वेळी घेतलं तर फारच भरवशाचं, पण प्रत्यक्षात तारखा चुकतात आणि वर्षाला शंभरातल्या चारेक जणींना दिवस राहतात. पुढचा डोस ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालतो. जुलैत रस्ता पाण्याखाली जाणार हे ठाऊक असेल तर जूनमध्येच उरकता येतं. पण मिफेप्रिस्टोनच्याच दिवशी इंजेक्शन घेतलं तर गर्भ टिकून राहण्याची शक्यता थोडी वाढते. म्हणून मिसोप्रोस्टॉल (गर्भपाताचं दुसरं औषध) झाल्यावर, पहिल्या सात दिवसांत घेतलेलं सोयीचं. यात पाळी अनियमित होते, थोडं थोडं जात राहतं, पुढे बंदही होते. घरात सासूचं पाळीकडे लक्ष असेल तर हे आधी कळलेलं बरं. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतात, तेव्हा वर्षभरात मूल हवं असेल तर अंतरा नको.

गर्भनिरोधक गोळ्यांचं गणित वेगळं. माला-एनच्या पाकिटात २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात, रोज एक. मिसोप्रोस्टॉलच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू करता येतात. मला दुसरा दिवस बरा वाटतो, कारण मिसोप्रोस्टॉलने उलट्या झाल्या तर तीही गोळी बाहेर पडायची. रक्तदाब जास्त असेल, पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, डोळ्यांसमोर चमकून अर्धशिशी होत असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल तर या गोळ्या घेऊ नयेत. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर माला-एनचा परिणाम कमी होतो.

छाया हीही गर्भनिरोधक गोळीच, पण तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, उदाहरणार्थ रविवारी आणि बुधवारी, मग फक्त रविवारी. पाळी लांबू शकते. नुकतीच कावीळ होऊन गेलेली असेल किंवा पीसीओएस (बीजकोशाचा, पाळी अनियमित करणारा विकार) असेल तर छाया नको.

पण दोन्ही गोळ्यांच्या बाबतीत कोकणात एक चूक सर्रास होते: नवरा मुंबईला गेला की गोळ्या बंद, तो गाडीत बसल्याचा फोन आला की सुरू. असं चालत नाही. मध्ये खंड पडला तर माला-एनला पुन्हा लागू पडायला सात दिवस लागतात आणि तेवढ्यात गणपतीची सुट्टी संपलेली असते. छाया सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा आठवड्याला दोनपासून सुरुवात करावी लागते. वर्षातून तीनदाच येणाऱ्या नवऱ्यासाठी बारा महिने गोळ्या घेणं जड वाटत असेल तर तांबी घ्यावी, किंवा निरोध नियमाने वापरावा.

निरोध पहिल्या संबंधापासून चालतो आणि लैंगिक रोगांपासून वाचवणारं साधनही हेच. मात्र वर्षाला शंभरात तेरा जणींना दिवस राहतात, कारण ‘आजच्या दिवस राहू दे’ होतं. मुलं पुरे झाली असतील तर पुरुष नसबंदी बिनटाक्याची, छोटीशी असते; चाकरमान्याने ती सुट्टीत करून घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरून नंतर वीर्य तपासून घ्यायचं.

अंतरा किंवा गोळ्या गर्भपातानंतरच्या पहिल्या सात दिवसांत सुरू केल्या तर जोडीला निरोध लागत नाही. उशीर झाला तर पुढचे सात दिवस लागतो. तासाला दोन मोठी पॅड भिजणं सलग दोन तास चाललं, ताप दिवसभर उतरला नाही किंवा घाण वास येणारा स्राव जायला लागला, तर साधनाचा विचार बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठावं. सहा आठवड्यांत पाळी आली नाही तरी तपासणी करावी. गर्भपातानंतर सुमारे चार आठवड्यांपर्यंत लघवीची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे घरची पट्टी बघून निष्कर्ष काढू नये.

गावातली नर्सबाई नात्यातली असते, आशाताई शेजारची. बोभाटा होईल अशी भीती वाटणं साहजिक आहे. गर्भपाताच्या कायद्याने गुप्तता राखणं बंधनकारक आहे आणि अठरा वर्षांवरील स्त्रीला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही नाही. तरीही संकोच वाटला तर पुढच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावं, तिथेही तांबी आणि अंतरा फुकट मिळतं. अंतराचं कार्ड घरात ठेवणं अवघड असेल तर पुढची तारीख मोबाइलवर टिपून घ्यावी.