वेबॅक मशीन: बंद पडलेल्या मंचावरचे जुने धागे शोधायला कितपत कामाचं?

इंटरनेटवरचा चर्चेचा एखादा मंच बंद पडतो, त्याचं सॉफ्टवेअर बदलतं किंवा मालक जुने विभागच काढून टाकतो. अशा वेळी तिथले धागे, म्हणजे एकेका विषयावरच्या चर्चा, वाचायची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन. १९९६ पासून तिथे वेबची पानं साठवली जातात, २००१ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ्यानं एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठला. गूगलनं २०२४ मध्ये शोधनिकालांतली साठवलेली प्रत दाखवणं बंद केल्यापासून तर याला तोडीचा पर्यायच उरलेला नाही. सेवा फुकट आहे आणि वाचायला खातंही लागत नाही.

तरीही पुष्कळ जण वेबॅकच्या शोधाच्या चौकटीत विषय टाईप करतात आणि रिकाम्या हातानं परत येतात. इथे पानं पत्त्यानुसार लावलेली आहेत, मजकुरानुसार नाहीत. शब्द टाकले तर फार तर संकेतस्थळांची नावं येतील, प्रतिसादातलं वाक्य कधीच येणार नाही. त्यामुळे आधी पत्ता मिळवायचा. तो जुन्या बुकमार्कमध्ये असतो, ‘तुमच्या धाग्यावर नवीन प्रतिसाद आला आहे’ अशा जुन्या ईमेलमध्ये असतो, आणि त्याच विषयावरच्या दुसऱ्या, अजून चालू असलेल्या मंचांवर कुणीतरी दिलेल्या दुव्यांत असतो. दुवा आता उघडत नसला तरी हरकत नाही, आपल्याला त्यातला धाग्याचा क्रमांक हवा आहे.

क्रमांक हाती आला की खरी मजा सुरू होते. मंच चालवायची सॉफ्टवेअर वेगवेगळी असतात. त्यांतल्या पीएचपीबीबीवर चालणाऱ्या मंचांत पत्त्यातल्या ‘टी’पुढचा आकडा म्हणजे धागा आणि ‘स्टार्ट’पुढचा आकडा म्हणजे आधी सोडायचे प्रतिसाद. पानावर १५ प्रतिसाद असतील तर दुसरं पान १५ वर आणि तिसरं ३० वर सुरू होतं. तिथे २ किंवा ३ घालून बसलात तर काहीच सापडत नाही. सिंपल मशीन्सच्या मंचांतही हिशोब हाच, फक्त आकडा धाग्याच्या क्रमांकानंतर टिंब देऊन येतो. व्हीबुलेटिनमध्ये मात्र सरळ पानाचा क्रमांक असतो.

एकाच धाग्याला अनेक पत्ते असतात, हे इथे फार महत्त्वाचं. विभागाच्या क्रमांकासह, विभागाशिवाय आणि एखाद्या प्रतिसादाच्या क्रमांकावरून असे तिन्ही पत्ते मंचावर एकच धागा उघडतात, पण वेबॅकच्या लेखी ती वेगवेगळी पानं आहेत. एक साठवलेलं नसलं तरी दुसरं असू शकतं. याउलट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावून-काढून किंवा ‘एचटीटीपी’चं ‘एचटीटीपीएस’ करून पाहण्यात वेळ घालवू नका, तो फरक वेबॅक स्वतःच दुर्लक्षित करतं.

पत्ता अर्धवटच माहीत असेल तर तो जेवढा येतो तेवढा लिहून शेवटी तारांकन (*) द्यावं. त्या सुरुवातीचे साठवलेले सगळे पत्ते यादीत येतात आणि वरच्या गाळणीच्या चौकटीत धाग्याचा क्रमांक टाकून यादी आटोक्यात आणता येते. ही या सेवेतली सर्वांत उपयोगी सोय आहे, आणि तीच पुरेशी ठळक दिसत नाही याचं वाईट वाटतं. यादीला १०,००० पत्त्यांची मर्यादा आहे. मोठ्या मंचाचं नुसतं नाव देऊन तारांकन लावलं तर हवं ते मर्यादेबाहेर राहतं, म्हणून धाग्याच्या क्रमांकाचे पहिले दोन-तीन आकडे लिहून मग तारांकन द्यावं.

व्हीबुलेटिनचा मंच असेल तर आधी त्याचा ‘आर्काइव्ह’ विभाग पाहावा. शोधयंत्रांसाठी बनवलेली ही साधी पानं असतात. त्यांत सह्या नाहीत, चित्रं नाहीत, नुसता मजकूर. मुख्य पानं साठवायची राहून गेली तरी ही पुष्कळदा शाबूत सापडतात.

पत्ता टाकल्यावर साठवलेल्या प्रतींची दिनदर्शिका दिसते. तिच्यातले रंग समजून घेतले की निम्मे हेलपाटे वाचतात. निळा ठिपका म्हणजे पान नीट मिळालं, हिरवा म्हणजे दुसरीकडे वळवलं, केशरी म्हणजे पान सापडलं नाही किंवा परवानगी नाकारली, लाल म्हणजे सर्व्हरच बिघडलेला होता. पण निळ्यावरही डोळे झाकून विसंबू नये. ‘हा विभाग पाहण्यासाठी लॉगिन करा’ असं सांगणारं पानसुद्धा बऱ्याचदा निळंच दिसतं. मंच बंद पडल्यानंतरच्या ठिपक्यांत जाहिरातींचं पान निघतं, म्हणून सुरुवात जुन्या निळ्या ठिपक्यापासून करावी.

वाचताना दोन गोष्टींनी घोटाळा होतो. पहिली म्हणजे तारीख. साठवलेल्या पानावरचा दुवा दाबला की वेबॅक त्या पानाची जवळच्या तारखेची प्रत देतं, आणि ती ‘जवळची’ प्रत कधीकधी चार वर्षं पुढची असते. पहिलं पान २००६ चं आणि दुसरं २०१० चं असेल, तर मधल्या काळात काही प्रतिसाद उडवलेले असू शकतात. वरच्या पट्टीवरची तारीख प्रत्येक पानावर तपासावी. दुसरी म्हणजे ‘आज’ आणि ‘काल’. मंचावर प्रतिसादाची वेळ ‘काल, ९:४०’ अशी असेल, तर तो ‘काल’ पान साठवलेल्या दिवसापासून मोजायचा. पत्त्यातल्या १४ आकड्यांत वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असा क्रम असतो आणि ती वेळ जागतिक प्रमाणवेळ असते.

चित्रांबाबत अपेक्षा कमीच ठेवावी. त्या काळी लोक चित्रं मंचावर न चढवता बाहेरच्या सेवांवर ठेवत. अशाच एका सेवेनं, फोटोबकेटनं, २०१७ मध्ये नियम बदलले आणि असंख्य धाग्यांतल्या आकृत्या एका फटक्यात दिसेनाशा झाल्या. तुटलेल्या चित्राचा पत्ता कॉपी करून स्वतंत्रपणे वेबॅकमध्ये टाकून पाहावा, क्वचित मूळ चित्र मिळून जातं.

वेग ही खरी तक्रार आहे. पानं सावकाश उघडतात, आणि एकामागून एक भराभर मागितली तर ‘फार विनंत्या झाल्या’ म्हणून काही काळ अडवलं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ल्यामुळे सेवा काही दिवस बंदच होती. हाती लागलेला धागा लगेच स्वतःकडे उतरवून घ्यावा, तो यासाठीच. पत्त्यातल्या तारखेच्या आकड्यांना चिकटून ‘आयडी’ ही दोन इंग्रजी अक्षरं आणि एक अंडरस्कोअर जोडला, की वेबॅकची पट्टी आणि बदललेले दुवे जाऊन मूळ पान जसंच्या तसं मिळतं.

यूजनेटवरच्या, म्हणजे वेबच्याही आधीपासूनच्या चर्चागटांच्या जाळ्यावरच्या, चर्चा हव्या असतील तर वेबॅकपेक्षा गूगल ग्रुप्स बरं. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूजनेटचा नवा मजकूर येत नाही, पण १९८१ पासूनचा जुना साठा शब्दांनी शोधता येतो.

अजून चालू असलेला एखादा मोलाचा धागा दिसला, तर वेबॅकच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये त्याचा पत्ता द्यावा. एका पत्त्यानं एकच पान साठतं, म्हणून बारा पानी धाग्याचे बाराही पत्ते स्वतंत्रपणे द्यावे लागतात. खातं उघडलं तर पानावरचे दुवेही सोबत साठवण्याचा पर्याय मिळतो. लॉगिनमागचे विभाग मात्र यातूनही साठत नाहीत. ते ब्राउझरमधूनच फाईल म्हणून जतन करावे लागतात.