वेरूळच्या राणीचा फोटो: वाइड लेन्स, साधी लेन्स की नुसता फोन?

नाशिकमध्ये कॅमेरा हातात घेणाऱ्या बहुतेकांची सुरुवात नांदूरमध्यमेश्वरला होते. त्यामुळे पहिली मोठी खरेदी असते ती पक्ष्यांसाठीची लांब लेन्स, १५०-६०० मिलिमीटरची किंवा तशीच काहीतरी. मग एखाद्या सुट्टीत मंगला एक्स्प्रेसने मडगावला जायचं ठरतं. वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय असून तिथे चार पंख्यांचं जुनं प्रवासी विमान उभं आहे, असं कोणीतरी सांगतं. लगेच प्रश्न येतो, या विमानासाठी अल्ट्रा-वाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य पकडणारी लेन्स, घ्यावी का, भाड्याने आणावी का, की कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सवर भागेल? हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

आधी विमानाबद्दल थोडं, कारण लेन्स त्याच्या अंगकाठीवर ठरते. हे लॉकहीडचं सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाने आपल्या सुपर कॉन्स्टेलेशनना राण्यांची नावं दिली होती. हे त्यातलं ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी. पुढे ते हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे गेलं. लांबी ३४.६ मीटर, पंखांचा पसारा ३७.५ मीटर. नाशिककरांच्या मापात सांगायचं तर ठक्कर बाजारच्या स्थानकात तीन लालपऱ्या एकामागे एक लावल्या की जेवढी लांबी होईल, साधारण तेवढं. शेपटीला एकाऐवजी तीन उभे पंख आहेत, कारण त्या काळच्या हँगरमध्ये मावण्यासाठी शेपटीची उंची कमी ठेवावी लागली.

पण या विमानाचं खरं सौंदर्य पाठीत आहे. आजच्या विमानाचं धड म्हणजे सरळ नळकांडं. हिचं तसं नाही. नाक किंचित खाली झुकलेलं, मधला भाग भरलेला, आणि शेपटीकडे अंग निमुळतं होत वर उचललेलं. कुठेही पट्टी लावून आखल्यासारखी रेघ नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवरून ठरतं, कारण ही वळणदार पाठ फोटोत उतरली नाही तर चार इंजिनांचं कुठलंही विमान आणि ही राणी यांत फरक राहत नाही.

आधी पावलं मोजा

फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या, सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याला, ३६ ने भागा आणि जेवढी रुंदी फ्रेममध्ये हवी तिने गुणा, की किती लांब उभं राहायचं ते कळतं. नाक आणि शेपटीच्या बाजूला थोडी मोकळी जागा धरून बेचाळीसेक मीटर रुंदी हवी असं समजू. १६ मिलिमीटरला १८-१९ मीटर पुरतात, २४ ला २८ मीटर लागतात आणि ५० ला ५८. साध्या क्रॉप (लहान) सेन्सर कॅमेऱ्यावरची १८-५५ किट लेन्स १८ वर ठेवली तर ३१ ते ३३ मीटर. फोनचा मुख्य कॅमेरा २४-२६ च्या आसपास असतो, म्हणजे तीस मीटर धरा. तीस मीटर म्हणजे मोठ्या माणसाची चाळीस पावलं. उघड्या आवारात चाळीस पावलं मागे जाणं अवघड नसतं, अडचण असते ती मध्ये येणाऱ्या दुसऱ्या विमानांची आणि झाडांची.

म्हणजे नुसतं ‘मावणं’ हा निकष धरला तर किट लेन्सही पास होते. मग अल्ट्रा-वाइड कशाला?

अल्ट्रा-वाइड

नाकाखाली गुडघे टेकून, वर बघत, आकाश मागे ठेवून घेतलेला फोटो या लेन्सशिवाय होत नाही. पुढच्या चाकाचा दांडा, त्याच्यावर ते झुकलेलं नाक, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. मोबाइलवर बघणारा बोट थांबवतो, हे खरं. पण नाकापासून चार मीटरवर उभे असाल तर शेपटी जवळजवळ एकोणचाळीस मीटरवर आहे. नाक शेपटीपेक्षा दहापट मोठं दिसणार. तीस मीटर मागे गेलात तर हाच फरक दुपटीवर येतो. जवळून वाइड लावली की पाठीचं वळण संपतं. नाक फुगतं, मागचं सगळं एका ठिपक्याकडे पळतं. सरळ नळकांड्यासारख्या विमानाला हे चालून जातं. हिला चालत नाही, कारण मूळचं वळण कुठलं आणि लेन्सने आणलेलं कुठलं हे बघणाऱ्याला समजायला मार्गच उरत नाही.

दुसरी अडचण पोलरायझरची, म्हणजे चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरची. आकाश गडद करायला आपण तो लावतो, पण एवढ्या रुंद फ्रेममध्ये आकाश सारखं गडद होत नाही. सूर्याशी काटकोनात असलेला पट्टा काळपट निळा आणि दोन्ही कडा फिक्या, असं विचित्र आभाळ येतं.

केबिनमध्ये जायला मिळत असेल तर मात्र वाइडला पर्याय नाही. जुन्या प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये मागे सरकायला जागाच नसते. अशा वेळी १० किंवा १२ मिलिमीटरची क्रॉप लेन्स आसनांच्या दांड्याला टेकवून, श्वास रोखून फोटो घ्यायचा.

साधी लेन्स

माझं मत स्पष्ट आहे. एकच लेन्स न्यायची असेल तर १८-५५ किंवा २४-७० न्या. चाळीस-पन्नास पावलं मागे जा, विमानाच्या पुढच्या कोपऱ्यातून तिरकं उभं राहा आणि ३५ ते ५० च्या मध्ये झूम ठेवा. पूर्ण पंख मावत नसतील तर पंख कापला जाऊ दे, पाठ कापू नका. पाठीची रेघ आकाशावर स्वच्छ सुटली पाहिजे. त्यासाठी कधी कॅमेरा डोळ्यांपासून कमरेपर्यंत खाली आणावा लागतो, म्हणजे मागचं झाड धडाच्या आड जातं.

इथे अनेक जण जोड-फोटोचा मार्ग काढतात. लांब मागे जाता येत नाही, म्हणून ५० ने पाच-सहा उभे फोटो घ्यायचे आणि घरी जोडायचे. याबद्दल एक गैरसमज आहे. जोड-फोटोने जागा वाढत नाही. त्याच जागेवरून वाइडने जे दिसलं असतं, नेमकं तेच दिसतं, फक्त बारकावे कितीतरी जास्त येतात. नाक तेवढंच फुगलेलं राहतं. त्यामुळे भिंतीएवढी मोठी प्रिंट काढायची असेल तरच ही खटपट करा.

करायचीच असेल तर एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअलवर बांधून ठेवा, दर फोटोत तिसरा हिस्सा आधीच्या फोटोवर चढू द्या, आणि स्वतःभोवती गोल फिरू नका, लेन्स जागेवर राहून तिच्याभोवती तुम्ही फिरा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा टाचेवर गिरकी घेत फोटो घेतले. घरी जोडल्यावर धड अगदी व्यवस्थित होतं, पण पंख्याचं एक पातं मधोमध तुटून दोन बोटं बाजूला सरकलेलं. पंखा जवळ आणि धड लांब, त्यामुळे लेन्स चार-सहा इंच हलली तरी दोघांचा मेळ बसत नाही. तो फोटो कितीही दुरुस्त केला तरी पातं जुळलं नाही.

फोन

फोनला कमी लेखू नका. तीस मीटरवरून मुख्य कॅमेऱ्याने घेतलेला फोटो घरी ए-फोर आकारात छापायला पुरेसा असतो. विमानाला हलका रंग आणि दुपारचं ऊन असेल तर फोन स्वतःच उजेड-सावली सावरून घेतो, जे कॅमेऱ्यावर तुम्हाला रॉ फाइलमध्ये बसून करावं लागतं. दोन गोष्टी मात्र टाळा. एक, अर्धा-एक्सची अल्ट्रा-वाइड. तिच्या कडा पुसट येतात आणि वर सांगितलेलं नाक फुगण्याचं दुखणं इथे आणखी वाढतं. दोन, फोन आडवा फिरवून घेतलेला पॅनोरामा. त्यात धड केळ्यासारखं वाकतं, आणि या विमानावर तर तो अन्यायच आहे.

आणि ती १५०-६००? अडीच-तीन मीटरच्या आत तिचा फोकस बसत नाही, पण दोरीच्या पलीकडे असलेल्या वस्तूंसाठी ती सोन्यासारखी आहे. इंजिनाच्या तोंडाशी दिसणारे सिलिंडर, धडावरच्या रिव्हेटच्या ओळी, खिडकीच्या चौकटीशी सोललेला रंग. नाही तरी ती तुमच्याकडे आहेच, बॅगेत जागा असेल तर टाका.

हँगरच्या आत असेल तर

नाशिकच्या पुष्कळ घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, आईवडील तिकडे महिनाभर जातात. वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाजवळ स्मिथसोनियनचं उडवार-हेझी सेंटर हे विमान संग्रहालय आहे. तिथेही एक कॉन्स्टेलेशन आहे, आणि त्याच्या थोड्या आधीच्या काळातलं बोइंग ३०७ स्ट्रॅटोलाइनर, ‘क्लिपर फ्लाइंग क्लाउड’. केबिनमध्ये हवेचा दाब राखून नियमित सेवेत आलेलं ते पहिलं प्रवासी विमान. एकूण १० बनली, पूर्ण विमान म्हणून शिल्लक आहे ते हे एकच. नव्याने उभं करून झाल्यावर २८ मार्च २००२ रोजी सिएटलच्या किनाऱ्याजवळ ते पाण्यात उतरवावं लागलं. पुन्हा दुरुस्त करून २००३ मध्ये ते संग्रहालयात आणलं गेलं.

ते रंगवलेलं नाही, घासून आरशासारखं केलेलं अॅल्युमिनियम आहे. त्यामुळे इथे निवड उलटी होते. आत जागा कमी, आजूबाजूला इतर विमानं, म्हणून १६-३५ उपयोगी पडते. उंचावरच्या पुलांवरून मात्र पुन्हा साधी लेन्सच बरी. पोलरायझर बॅगेतच ठेवा, उघड्या धातूवरची चकाकी तो काढू शकत नाही. खिडक्यांवर लावलात तर अॅक्रिलिकमध्ये इंद्रधनुषी पट्टे उमटण्याचीही शक्यता असते. फ्लॅश तर नकोच, धातू तो जसाच्या तसा परत तोंडावर मारतो. शटर १/६० किंवा त्याच्या पटीत हळू ठेवा, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची, नाहीतर दिव्यांचे पट्टे येतात. आपल्याकडे हाच आकडा १/५०.

चकचकीत धातूचा सराव नाशिकमध्येच होतो. भांडी बाजारात जा, ओळखीच्या दुकानदाराला विचारून एक घासलेली पितळी घागर दारात ठेवा आणि फोटो काढा. पहिल्या फोटोत घागर दिसणारच नाही. समोरचा फलक, जाणारी रिक्षा आणि पोटाशी तुमचा लाल शर्ट दिसेल. दोन पावलं बाजूला सरका, समोर पांढरी भिंत येऊ द्या, की घागरीची गोलाई एकदम उमटते. धातूचा फोटो म्हणजे त्याच्यात काय दिसतंय त्याचा फोटो, हे घागर पाच मिनिटांत शिकवते. संग्रहालयात जाताना गडद, साधे कपडे घाला.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. संग्रहालय सोमवारी बंद असतं. सकाळी उघडल्या उघडल्या पोहोचा, ऊन तिरकं असतं आणि पाठीच्या वळणावर उजेड-सावलीची सीमारेषा दिसते. दुपारी बाराला तीच पाठ सपाट होते. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळही वाईट नाही, ओल्या जमिनीवर पोटाचं प्रतिबिंब मिळतं. शेजारीच नौदलाचा चालू विमानतळ आहे. ओझरला एचएएलच्या किंवा गांधीनगरला लष्कराच्या कुंपणाजवळ आपण कॅमेरा बाहेर काढत नाही, तसंच इथेही लेन्स कुंपणाच्या आतच राहू द्या.

आणि शेपटीच्या मागे एकदा नक्की जा. बहुतेक जण नाकाचा फोटो काढून परततात. मागून, खाली बसून, ५० ला तिन्ही उभे पंख एका ओळीत येतात, त्यांच्यामधून धडाची रेघ पुढे उतरत जाताना दिसते, आणि फ्रेममध्ये दुसरं काही येत नाही.