जेल मॅनिक्युअर: सात-आठ महिन्यांनंतर

दिवाळीपासून नागपूरच्या धरमपेठेतल्या एका पार्लरमध्ये जेल पॉलिश करून घेते आहे. टिकण्याबद्दल तक्रार नाही. भांडी घासा, कणीक मळा, दोन-तीन आठवडे चकाकी हलत नाही. फिके रंग मात्र हळदीने पिवळे पडतात. सावजी रस्सा हाताने ओरपणाऱ्यांनी गडद रंगच घ्यावा.

ओळखीतल्या सगळ्या जणी विचारतात ते जेल ज्या यूव्ही लॅम्पखाली सुकवतात त्याचं. २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात यूव्ही लॅम्पखाली सलग २० मिनिटं ठेवलेल्या पेशींपैकी २० ते ३० टक्के मेल्या, हे खरं. पण त्या काचेच्या बशीतल्या उघड्या पेशी होत्या, वर कातडीचा थर नव्हता. तरी मी स्कुटीवर उन्हासाठी वापरते त्यातल्या जुन्या हातमोज्यांची टोकं कापून तेच घालते. फुकटात होतं, मग का नको?

मला जास्त भीती निपरची, म्हणजे क्यूटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) कापायच्या चिमट्याची वाटते. "क्यूटिकल काढून देऊ न ताई, हात साफ दिसते," असं दर वेळी विचारतात आणि दर वेळी मी नाही म्हणते. ती कातडी जंतूंना नखाच्या मुळाशी जाऊ देत नाही. कापली की नखुरड्याला वाट मोकळी. मऊ करून मागे ढकलली तरी पुरतं. त्यात निपर एकीचा झाला की स्पिरिटने पुसून निळ्या दिव्याच्या पेटीत, मग दुसरीला. ती पेटी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. त्यासाठी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र लागतं, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो. म्हणून फाईल, बफर, पुशर (क्यूटिकल मागे ढकलायची काडी) मी सीताबर्डीवरून घेतले आणि सोबत नेते. पहिल्यांदा तोंडं वाकडी झाली, आता सवय झाली त्यांना.

सगळ्यात वाईट अनुभव जेल काढण्याचा. लग्नसराईत गर्दी होती, नव्या मुलीने नखांवर फॉईलने गुंडाळलेला अॅसिटोनचा कापूस पाचेक मिनिटांतच काढला आणि उरलेलं पुशरने खरवडलं. जेलबरोबर नखाचा पापुद्राही आला. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे अंगठ्यावरचा तो पांढरा डाग अजून अर्ध्यावरच आहे. फॉईल १०-१५ मिनिटं राहू द्यायला सांगा. जेल घासायच्या ड्रिलने नख तापलं तर हात ओढून घ्या, संकोच नको.

घरी किट आणणाऱ्यांसाठी एक: ओलं जेल कातडीला लागू देऊ नका, आणि लॅम्प त्याच जेलच्या कंपनीने सांगितलेला घ्या. अर्धवट सुकलेल्या जेलमधल्या 'हेमा'सारख्या अॅक्रिलेटची अॅलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, आणि दातांच्या फिलिंगमध्येही याच कुळातली रसायनं असतात. बाटलीवर 'टीपीओ' (लॅम्पखाली जेल सुकायला घातलेलं रसायन) दिसलं तर युरोपियन युनियनने ते १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलंय, एवढं ध्यानात ठेवा.

रंगाला पाचपैकी साडेचार, काढण्याला दीड. डाग वाढून कापला जाईपर्यंत अंगठ्याला साधं नेलपॉलिश, बाकी नऊ बोटं चालू.