शंभर टंच म्हणून घेतलेली चांदीची लगड

तंबाखूचे पैसे हाती आले की त्यातला काही भाग सराफकट्ट्यावर जिरवण्याची रीत कर्नाटकातल्या आमच्या निपाणी भागात जुनी आहे. सोने आवाक्याबाहेर गेल्यापासून आमचे आप्पा चांदीची लगड, म्हणजे ओतीव वीट, घेत. दागिन्याला मजुरी पडते, मोडताना ती बुडते, लगडीत तो तोटा नसतो, हा त्यांचा हिशेब चुकीचाही नव्हता. मात्र या भागातील एका सराफाने शंभर टंच, म्हणजे पूर्ण शुद्ध, म्हणून दिलेली अर्ध्या किलोची लगड प्रत्यक्षात ७२ टंच निघाली. म्हणजे ५०० ग्रॅममध्ये चांदी ३६० ग्रॅम. उरलेले १४० ग्रॅम, बहुतेक तांबेच, आम्ही चांदीच्या भावाने घेतले होते.

विशेष म्हणजे त्याने लगड आप्पांसमोरच टंच मोजणाऱ्या मशीनवर ठेवली होती आणि मशीनने ९९ च्या वरचा आकडा दाखवला होता. मशीनही बिघडलेले नव्हते. तांबे मिसळलेली चांदी तापवली की पृष्ठभागावरचे तांबे काळे पडते, आम्लात बुडवली की ते निघून जाते आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीचा अतिशय पातळ थर उरतो. कारागीर मालाला उजळा देतात तो असाच. क्ष-किरणांवर चालणारे मशीन वरच्या थरापलीकडचे वाचू शकत नाही. त्यानंतर "पक्के बिल हवे असेल तर तीन टक्के जीएसटी पडेल" असे सांगून त्याने कच्ची चिठ्ठी दिली. तिच्यावर वजन आणि रक्कम एवढेच होते. टंच नाही, दुकानाचे नाव नाही. तोंडी आश्वासन मात्र भरघोस होते : "केव्हाही आणा आप्पा, त्या दिवसाच्या दरानं पैसे घेऊन जावा."

पैशांची नड आली तेव्हा तोच सराफ रोख द्यायला तयार होईना. बदल्यात दागिना घ्या, शिवाय घट धरावी लागेल, म्हणजे वजनात कपात होईल, असे म्हणू लागला. चोख चांदीला एवढी घट कसली, या शंकेने आम्ही लगड हुपरीला नेली. तिथल्या चांदी गाळणाऱ्याने मशीन लावलेच नाही, छिन्नीने थेट कोपरा तोडला. तुटलेल्या कडेवर किंचित पिवळसर झाक होती आणि बाहेरच्या पांढऱ्याशुभ्र अंगाशी ती मुळीच जुळत नव्हती. मग त्याने टाकणखार घालून तो तुकडा मुशीत वितळवला आणि टंच काढून कागदावर लिहून दिला.

तो कागद दाखवल्यावर सराफ म्हणाला, हुपरी महाराष्ट्रात, तिकडचा कागद इकडे चालत नाही, आणि ही लगड आमचीच कशावरून? पहिली निव्वळ थाप होती (आमच्याकडे काही सुचले नाही की सीमा आडवी घालतात), पण दुसऱ्या प्रश्नाला कच्च्या चिठ्ठीत उत्तर नव्हते. रकमेचा काही भाग बँकेतून त्याच्या खात्यावर गेला होता, तेवढाच आधार.

सोन्याच्या दागिन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सक्तीचा आहे आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर ताडून पाहता येतो. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून तो मिळू लागला, पण ऐच्छिक. आणि दुकानाने स्वतः ठोकलेला ९९९ चा शिक्का म्हणजे हॉलमार्क नव्हे. त्यामुळे मोठी लगड घेताना कोपरा तोडून टंच काढून मागावा, तो आकडा बिलावर लिहून घ्यावा, आणि तीन टक्क्यांच्या मोहात बिल सोडू नये.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. आम्ही बेळगावला तक्रार दिली असून निकाल व्हायचा आहे. असा प्रसंग आल्यास रागाच्या भरात सगळी लगड गाळून विकू नये, कारण आयोगापुढे पुन्हा तपासणी मागायची झाल्यास उरलेला सबंध तुकडाच कामी येतो.